आंब्याखालची गवतगिरी
जबलपूरच्या सावलीतल्या बागेसाठी पंधरा चटपटीत गोष्टी

जबलपुरात राइट टाउन, नेपियर टाउन, सिव्हिल लाइन्स या भागांतल्या जुन्या आवारांमध्ये एक दृश्य ठरलेलं असतं. वर आंबा, जांभूळ, कडुनिंबाचा गच्च मांडव आणि खाली टक्कल पडलेलं लॉन. पावसाळ्यात माळी लॉनचे नवे तुकडे आणून थापतो, दिवाळीपर्यंत ते पिवळे पडतात आणि घरातली वडीलधारी माणसं निकाल देऊन मोकळी होतात, ‘सावलीत गवत येत नाही.’

येतं, भरपूर येतं. मंडल्याच्या बाजूला कान्हाच्या सालवनात जाऊन पाहा. तिथे ना माळी, ना पाइप, ना खत, तरी झाडांखाली पावसाळाभर गवत असतं. फरक एवढाच, की ते तिथलं गवत आहे. आपण आवारात लावतो ते उन्हातलं, आणि बऱ्याचदा परदेशातलं. तर आता ऐका देशी गवतांच्या काही करामती. काही थेट अंगणात उपयोगी पडणाऱ्या, काही नुसत्या चहासोबत सांगण्याजोग्या.

१. डायनोसॉर गवत खायचे, आणि पुरावा आपल्याकडचा आहे

ठगांच्या बंदोबस्तासाठी गाजलेला कर्नल स्लीमन जबलपुरात असताना १८२८ मध्ये त्याला बडा शिमला टेकडीजवळ काही अजस्र हाडं मिळाली. भारतात सापडलेले डायनोसॉरचे ते पहिले जीवाश्म. ती हाडं ज्या खडकात होती, त्याला भूशास्त्रज्ञ नर्मदेवरच्या लम्हेटा घाटावरून ‘लॅमेटा’ म्हणतात.

हाच खडक खाली चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावातही उघडा पडलेला आहे. तिथे डायनोसॉरचं चक्क दगड झालेलं शेण सापडतं. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, तर आत गवताच्या पानांतले वाळूचे कण! २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा शोध आला आणि पाठ्यपुस्तकं बदलावी लागली. तोवर समज असा, की डायनोसॉर संपले आणि मग कुठे गवत आलं. त्या शेणात भाताच्या आणि बांबूच्या भाऊबंदांचेही कण होते. साडेसहा कोटी वर्षांहून जुना हा मेनू.

२. पान बोट कापतं ते याच वाळूमुळे

गवत मुळांवाटे जमिनीतली सिलिका शोषतं आणि पानांत तिचे सूक्ष्म काचेरी कण साठवतं. चरणाऱ्याचे दात झिजवायचे, किड्यांचे जबडे बोथट करायचे, हा त्यामागचा डाव. पान कुजलं तरी कण कुजत नाहीत, म्हणूनच ते कोट्यवधी वर्षांनी शास्त्रज्ञांच्या हाती लागतात. ऊस सोलताना किंवा भातकापणीत हाताला बारीक चरे पडतात, ते या कणांनी आणि पानांच्या दातेरी कडांनी.

३. हरळी सावलीत रुसते, कारण तिचं यंत्रच उन्हाचं आहे

गणपतीच्या दूर्वा म्हणजेच हरळी. ऊस, मका, ज्वारी आणि हरळी ही मंडळी कार्बन डायऑक्साइड पकडायला एक जादा यंत्रणा चालवतात. कडक उन्हात ती फार कामाची, पण तिला जादा ऊर्जा लागते. सावलीत प्रकाशाची कमाई कमी आणि यंत्रणेचा खर्च तेवढाच, म्हणून हरळी विरळ होत जाते. भात, बांबू आणि जंगलातल्या सावलीची बरीचशी गवतं ही यंत्रणा वापरतच नाहीत. कमी प्रकाशात त्यांचा संसार नीट चालतो. आंब्याखाली काय लावायचं, याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

४. सावलीचा खरा हिरो तुमच्या पायजम्याला चिकटलेला असतो

ऑप्लिस्मेनस. नाव अवघड, गवत ओळखीचं. जमिनीलगत सरपटणारं, रुंद आणि लहान पानांचं, पानावर लाटांसारख्या सुरकुत्या. पावसाळ्यात झाडाखाली आपोआप हिरवा थर धरतं आणि आपण ते ‘तण’ म्हणून उपटतो. पावसाळ्याच्या अखेरीस त्याला बी धरतं तेव्हा त्याच्या कुसांना चिकट द्रव सुटतो. मग कुत्रा, मांजर, रानडुक्कर, फिरायला निघालेले आजोबा, जो जवळून जाईल तो बियांचा हमाल.

दोन-तीन पावसाळे याला हात लावू नका. जमीन झाकली जाईल, धो धो पावसात माती वाहणार नाही आणि ओलही टिकेल. लॉनसारखं त्यावर क्रिकेट खेळता येणार नाही, हे मात्र खरं. उन्हाळ्यात ते वाळतं, पहिल्या सरींनंतर पुन्हा हजर.

५. संध्याकाळी कामाला निघणारं फुलपाखरू

फुलपाखरू म्हणजे ऊन आणि फुलं, असं आपण धरून चालतो. ‘कॉमन इव्हनिंग ब्राउन’ला दोन्हींची फारशी गरज नाही. दिवसभर ते झाडाखालच्या पाचोळ्यात दडून बसतं, दिवेलागणीला उडतं आणि फुलातल्या मधापेक्षा सडक्या आंब्या-जांभळांचा रस पसंत करतं. याच्या अळ्या गवतं खातात, भाताची पातसुद्धा. अळी हिरवीगार आणि डोक्यावर दोन शिंगं!

पुढची गंमत कपड्यांची. पावसाळ्यात जन्मलेल्या फुलपाखराच्या पंखांवर ठसठशीत डोळे असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्याच्या पंखांवर ते जवळजवळ नाहीसे होतात आणि पंख हुबेहूब वाळलेल्या पानासारखे दिसतात. जात एकच, पोशाख दोन. याची भावंडं, म्हणजे ‘बुशब्राउन’ आणि ‘फाइव्हरिंग’, हीसुद्धा गवतावरच वाढतात. म्हणजे सावली, रानगवत आणि गळून पडलेली दोन-चार फळं एवढ्या भांडवलावर फुलपाखरांची बाग तयार.

६. माळेचा मणी झाडावरच भोकासकट तयार होतो

रानजोंधळा हे मक्याचं नातलग गवत. ओलसर जागेत, अर्ध्या सावलीत माणसाच्या उंचीपर्यंत जातं. त्याचं बी एका टणक, चकचकीत, राखाडी-पांढऱ्या कवचात बसतं. कवचाच्या एका टोकाला देठाचं भोक, दुसऱ्या टोकाला नरफुलांचा तुरा बाहेर पडायची वाट. तुरा गळला, की दोरा थेट आरपार! ना सुई, ना गिरमिट. देवळांबाहेर ‘वैजयंती माळ’ म्हणून विकतात ती बहुतेक वेळा याच मण्यांची. ईशान्य भारतात याचीच मऊ कवचाची जात शिजवून खातात आणि तिची दारूही बनवतात.

अंगणात न्हाणीचं किंवा भांडी घासल्याचं पाणी जिथे जिरतं, तो कोपरा याचा. मुलं घरात असतील तर हे गवत सगळ्यात आधी लावा.

७. बांबू: शास्त्रात गवत, कायद्यात नव्वद वर्षं झाड

१९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडून नेतानाही परवान्याची भानगड होई. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू कायद्यानेही झाड राहिला नाही.

महाकोशलच्या आणि विदर्भाच्या जंगलांतला नेहमीचा बांबू म्हणजे मानवेल. त्याची काठी जवळजवळ भरीव, म्हणून लाठ्यांसाठी नावाजलेली. त्याला फुलोरा येतो तो पंचवीस ते पंचेचाळीस वर्षांतून एकदा. सगळं बेट एकदम फुलतं, बी टाकतं आणि मरतं. नातवंडांच्या हयातीत बांबू फुलणार, म्हणून आज कुणी लावणं सोडू नये. फक्त कुंपणाच्या कोपऱ्यात लावा आणि तिथे सातभाईंची रोजची सभा भरणार, हे धरून चाला.

८. सुगरण: नवरा घर बांधतो, बायको पाहणी करते

सलीम अली १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. तेव्हा नोकरी नव्हती, वेळ भरपूर होता. घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे ते टक लावून बसले आणि एक जुना गैरसमज मोडला. नर एकामागून एक घरटी अर्धवट बांधतो. मादी येते, अर्धं काम तपासते, पसंत पडलं तर राहते. मगच नर ते घर पुरं करतो आणि दुसऱ्या मादीसाठी पुढचं सुरू करतो.

सामान काय? भात, ऊस, शिंदी आणि उंच गवतांच्या पानांच्या पट्ट्या. पानाच्या कडेला चोचीने खाच पाडायची, कड धरायची आणि उडायचं. सर्रकन लांब धागा निघतो. बागेत घरटं होईल न होईल, पण उंच, लांब पात्याचं देशी गवत उन्हाच्या कडेला असेल तर जुलै-ऑगस्टात धागे फाडायला सुगरण येऊ शकते.

९. मुनियांसाठी पाटी: ‘कृपया गवत कापू नये’

ठिपकेवाल्या मुनियांची चोच गवताचं बी सोलायलाच बनलेली. थवा येतो, कणसाच्या दांडीला लटकतो आणि बी फस्त करतो. घरटंही गवताचंच, आणि चांगलं मोठं गोल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी पिकतं आणि नेमक्या त्याच वेळी दिवाळीची साफसफाई म्हणून आपण गवत भुईसपाट करतो. एवढा एक महिना विळा टांगून ठेवला, तर दाणे विकत आणून टांगायची गरज उरत नाही.

१०. गाजर गवत हे गवत नव्हे, आणि त्याचे शत्रू जबलपुरात पाळतात

गाजर गवत, म्हणजे पार्थेनियम, सूर्यफुलाच्या कुळातलं. अमेरिका खंडातून आलेलं हे झुडूप १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेत भरलं आणि मग देशभर पसरलं. त्याने अंगाला खाज सुटते, दमा चाळवतो.

त्याच्याशी लढणारी देशातली मुख्य संस्था जबलपुरातच आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचं तण संशोधन संचालनालय इथे १९८९ पासून केवळ तणांचा अभ्यास करतं. दर ऑगस्टमध्ये ते गाजर गवत जागृती सप्ताह पाळतं. शिवाय त्याच्याकडे पार्थेनियमची पानं फस्त करणारे मेक्सिकन भुंगेरे वाढवले जातात. हे भुंगेरे १९८० च्या दशकात बंगळुरूमार्गे भारतात आणले गेले. तुमच्या आवारात पार्थेनियमवर बारीक पांढुरके, काळ्या नागमोडी रेघांचे किडे दिसले तर फवारा मारू नका. ती पाहुणी मंडळी कामावर आलेली आहेत.

११. दोन बोटांची परीक्षा

गवतासारखं दिसणारं सगळं गवत नसतं. दांडी दोन बोटांत फिरवून पाहा. गोल वाटली आणि मध्ये पेरं लागली, तर गवत. तीन कडा लागल्या, तर तो लव्हाळा, म्हणजे मोथ्याच्या घराण्यातला. बागेतला लव्हाळा उपटणाऱ्यांना एक सूचना. त्याच्या गाठी जमिनीत साखळीने असतात. वरची पात ओढून काढलीत, तर खाली गाठी शाबूत राहतात आणि आठवडाभरात नवी पात वर येते.

१२. नर्मदाकाठचा कास आणि तुमच्या चहातली साखर

पावसाळा सरला, की ग्वारीघाटापासून भेडाघाटापर्यंत नर्मदेच्या काठी पांढरे तुरे डोलू लागतात. तो कास, उसाचा रानटी चुलतभाऊ. १९१२ मध्ये कोइंबतूरला ऊस पैदास केंद्र निघालं. तिथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी गोड पण नाजूक उसाचा या काटक कासाशी संकर केला. १९१८ मध्ये ‘को २०५’ ही जात आली आणि उत्तर हिंदुस्थानातल्या उसाचं नशीब पालटलं. आजच्या बहुतेक उसांत थोडंफार कासाचं रक्त आहे. योगायोग असा, की हाडं शोधणाऱ्या स्लीमनने १८२० च्या दशकात मॉरिशसहून उसाची नवी जात आणून लावली ती जबलपुरातच.

असा हा कास शेतकऱ्याला मात्र नकोसा. त्याची मुळं जमिनीत खोल पसरतात आणि नांगराला दाद देत नाहीत. जबलपूर-नरसिंहपूरकडच्या ‘हवेली’ शेतीत यावर जुना तोडगा होता. बांध घालून पावसाळाभर शेतात पाणी तुंबवायचं, तण बुडवून मारायचं आणि पाणी सोडल्यावर गहू-हरभरा पेरायचा. बागेत कास लावायचा मोह आवरा. तो बघायला घाटावर जा.

१३. नांगर न लागलेला भात

जबलपूर हे बावन्न तलावांचं शहर, असं जुने लोक सांगतात. अधारताल, रानीताल, चेरीताल ही नावं आजही वस्त्यांना आहेत. अशा तलावांच्या उथळ कडेला रानटी भात उगवतो. मराठीत देवभात, इथे पसई किंवा पसहर. हलछठच्या व्रताला नांगरलेल्या शेतातलं काही खायचं नसतं, म्हणून त्या दिवशी हा तांदूळ लागतो. इथे ती भाद्रपद कृष्ण षष्ठी. आपल्या मराठी पंचांगात तोच दिवस श्रावण वद्य षष्ठीला येतो. दाणा पिकताच गळतो, म्हणून कापणी न करता टोपलीत झोडून गोळा करतात. घरी उन्हाच्या कडेला पाण्याची कुंडी असेल तर त्यात लावून पाहा. मुनियांशी वाटणी करावी लागेल.

१४. सहासष्ट बारशिंगे आणि उंच गवत

कान्हाचा बारशिंगा जवळजवळ फक्त गवतावर जगतो आणि मादी पाडसाला उंच गवतातच लपवते. १९७० मध्ये कान्हात मोजून ६६ उरले होते. शिकार थांबवली, कुंपणाआड पैदास केली, आणि सोबत गवताकडेही लक्ष दिलं. उठवलेल्या गावांच्या जागी कुरणं राखली. आज बारशिंग्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली आहे आणि तो मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे.

कुरण राखायचं म्हणजे कुठलं गवत वाढवायचं आणि कुठलं काढायचं, हे ओळखता आलं पाहिजे. या विद्येतलं मोठं नाव मराठी आहे. अमरावती जिल्ह्यातले प्रा. गजानन मुरतकर मेळघाटापासून मध्य भारतातल्या व्याघ्रप्रकल्पांपर्यंत गवत ओळखायला आणि कुरण वाढवायला शिकवत आले आहेत. वाघाचं जेवण हरीण, हरणाचं जेवण गवत, हा हिशेब आवारातही लागू. तिथे फक्त वाघाच्या जागी शिक्रा आणि हरणाच्या जागी मुनिया धरा.

१५. उन्हाच्या कडेची तीन सुगंधी-काटेरी पात्रं

सावलीच्या बागेलाही एखादी उन्हाची किनार असतेच. तिथे ही तिघं. पहिला वाळा. माठात, पडद्यात आणि कूलरच्या जाळीत जातो तोच. त्याची मुळं सरळ खाली तीन मीटरपर्यंत उतरतात, म्हणून उताराची माती धरायला याच्यासारखा दुसरा नाही. दुसरं रोशा गवत. खानदेश-निमाडात भट्ट्या लावून याचं तेल काढत. ते तेल मुंबईहून तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या महागड्या अत्तरात गुपचूप मिसळलं जाई. तिसरी कुसळी. तिच्या बियांची शेपटी कोरड्या हवेत पीळ घेते, ओल लागली की पीळ सोडते आणि या उलटसुलट फिरण्याने बी स्वतःच जमिनीत शिरतं. मोज्यातही तसंच शिरतं, म्हणून तिला पायवाटेपासून चार हात लांब ठेवा.

बारा महिन्यांचं वेळापत्रक

जून: पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले, की ठोंब फोडून लावा. रोपं किंवा बी रस्त्याकडेच्या, ओळखीच्या शेताच्या बांधावरून आणा. कान्हासारख्या संरक्षित जंगलातून काडीही उचलणं गुन्हा आहे.

जुलै ते सप्टेंबर: फक्त गाजर गवत आणि लव्हाळा काढा. बाकी खुरपं बाजूला.

ऑक्टोबर ते डिसेंबर: बी पिकू द्या. पक्षी येतील. केराची होळी नको, पाचोळ्यात फुलपाखरांचे कोष असतात.

जानेवारी ते एप्रिल: आंब्याच्या पानांचा जाड थर बसला तर अर्धा उचलून खतखड्ड्यात टाका. अर्धा राहू द्या.

मे अखेर: वाळलेली ठोंबं वीतभर ठेवून कापा. एका वर्षी निम्मी, पुढच्या वर्षी उरलेली. गवत शेंड्याकडून वाढत नाही, बुडाकडून वाढतं, म्हणून छाटणी त्याला सोसते.

आणि साप? हा प्रश्न आजी विचारणारच. दारापासून आणि पायवाटेपासून पाच-सहा फुटांत गवत आखूड ठेवा, उंच ठोंबं कुंपणाला लावा, विटा-लाकडांचे ढीग करू नका, रात्री बॅटरी घेऊन चाला. उंदरांना खाऊ मिळेल असं धान्य अंगणात उघडं ठेवलं नाही, तर सापालाही मुक्कामाचं कारण उरत नाही.

कुठे काय, एका दमात

आंब्याच्या गर्द सावलीत: ऑप्लिस्मेनस, तेही फांद्यांच्या कडेने सुरू करा.
कडुनिंब, आवळ्याच्या झिरझिरीत सावलीत: मारवेल हे देशी गवत लावून पाहा.
सांडपाण्याच्या ओलीत: रानजोंधळा.
कुंपणाच्या कोपऱ्यात: मानवेल.
उन्हाच्या कडेला: वाळा आणि रोशा.
पाण्याच्या कुंडीत: देवभात.
रोपवाटिकेत गुलाबी तुऱ्यांचं ‘फाउंटन ग्रास’ दिसलं, तर भाव विचारू नका. ते आफ्रिकेचं आहे आणि जगात अनेक ठिकाणी त्याने रानोमाळ धुडगूस घातला आहे.